बाळंतपण आणि वेळेचा हिशेब

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिका वाचून आपल्यातल्याच एका काकूंनी मला विचारले, "अहो, तुम्ही रूळ बघणारे. बाळंतपणावर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेच्या पी-वे विभागात लागलो आणि गेली वीस-एक वर्षे रूळ, स्लीपर, खडी आणि गँग हाच माझा संसार आहे. कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचे काम. पण बाळंतपणात बाई का दगावते याविषयी वाचत गेलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. बहुतेक वेळी आजार असाध्य नसतो. उपाय माहीत असतो, औषध स्वस्त असते, फक्त ते वेळेवर पोचत नाही. आणि उशीर का होतो, कुठे होतो, तो कसा टाळायचा, हा तर आमच्या खात्याचा रोजचा विषय आहे. म्हणून काकूंची क्षमा मागून चार शब्द बोलतो.

आधी थोडे आकडे. सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावल्या याचा हिशेब असतो. २००१-०३ मध्ये देशाचा आकडा ३०१ होता. २०१८-२० मध्ये तो ९७ वर आला. ही फार मोठी प्रगती आहे. पण त्याच २०१८-२० च्या हिशेबात महाराष्ट्राचा आकडा ३३ आणि आपल्या छत्तीसगढचा १३७ आहे. म्हणजे चौपट! आपण तर दोन्हीकडचे. मूळ गाव वर्धा, अमरावती, भंडारा, जळगाव, आणि घर इथे वैशाली नगरात. एकीच्या दोन बहिणी, एक तिकडे दिली आणि एक इकडे, तर दोघींच्या जिवाच्या धोक्यात एवढा फरक का पडावा? निसर्गाने तर दोघींना सारखेच घडवले आहे.

दगावण्याची कारणे सगळीकडे तीच आहेत. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे सर्वांत मोठे. त्याखालोखाल वाढलेला रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेले बाळंतपण. आणि या सर्वांच्या मागे उभा असलेला रक्तक्षय. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला थोडाही रक्तस्राव सोसत नाही.

आपल्या मराठी समाजाला हा विषय नवा नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण शाळेत शिकलो. पण त्या डॉक्टर का झाल्या ते फारसे सांगितले जात नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. त्यानंतर त्यांनी डॉक्टर व्हायचे ठरवले. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला त्यांनी एम. डी. पदवी घेतली, आणि प्रबंधाचा विषय निवडला हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी त्या पुण्यात वारल्या. स्त्रीला बाळंतपणात स्त्रीचाच जाणता हात मिळावा हा त्यांचा ध्यास अपुरा राहिला.

आता जवळची गोष्ट सांगतो. दुर्गहून मरोदामार्गे दल्लीराजहऱ्याला जाणारा आपला मार्ग सगळ्यांना माहीत आहे. याच मार्गाने लोहखनिज येते आणि आपल्या भिलाईच्या भट्ट्या पेटत्या राहतात. आपल्यापैकी बहुतेकांची चूल त्या भट्ट्यांवरच चालली. त्या खाणींत ठेकेदाराकडे राबणाऱ्या मजुरांत कुसुमबाई नावाची एक स्त्री होती. खाणमजुरांच्या संघटनेची, म्हणजे छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघाची, ती उपाध्यक्ष होती. १९७९ साली प्रसूतीच्या वेळी तिला वेळेवर उपचार मिळाले नाहीत आणि ती गेली. ती जंगलात राहत नव्हती. दवाखाना त्याच गावात होता. अंतर कमी असूनही ती वाचली नाही.

हजारो मजूर जमले. राग होताच. पण त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत, आपले स्वतःचे प्रसूतिगृह बांधायचे असे त्यांनी ठरवले. संघटनेचे नेते शंकर गुहा नियोगी होते. त्यांच्या राजकारणाबद्दल इथे बसलेल्यांची मते वेगवेगळी असतील, त्यात मी शिरत नाही. पण पुढे जे झाले ते पाहण्यासारखे आहे. २६ जानेवारी १९८२ ला संघटनेच्या कार्यालयातच लहानसा दवाखाना सुरू झाला. ३ जून १९८३ ला शहीद हॉस्पिटल उघडले, सुरुवातीला पंधरा खाटांचे. १९७७ सालच्या ३ जूनला दल्लीराजहऱ्यात झालेल्या गोळीबारात मजूर मेले होते, त्यांच्या आठवणीत ती तारीख निवडली. इमारतीसाठी मजुरांनी आपल्या पगारातून वर्गणी दिली आणि सुट्टीच्या वेळी अंगमेहनत केली. डॉ. विनायक सेन, डॉ. आशीष कुंडू, डॉ. पवित्र गुहा, डॉ. शैबाल जाना असे डॉक्टर तिथे येऊन राहिले. परिचारिका मिळत नव्हत्या, तर मजुरांच्याच घरातील मुलामुलींना शिकवून तयार केले.

मंडळाची वर्गणी गोळा करताना आपण दहा घरे हिंडलो की थकतो. दिवसभर खडक फोडणाऱ्या माणसांनी वर्गणीतून रुग्णालय उभे केले, आणि त्याचे निमित्त एका बाळंतिणीचा मृत्यू होते. भिलाईपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर हे घडले आणि आपल्या मुलांना ते ठाऊकही नाही.

आता उशिराकडे येतो. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली एक मांडणी केली, ती आज जगभर शिकवतात. तिला तीन उशिरांची मांडणी म्हणतात. पहिला उशीर घरात होतो: दवाखान्यात न्यायचे की नाही हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यात: गाडी मिळण्यात आणि पोचण्यात. तिसरा दवाखान्यात: पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. मला हे वाचताच आमचे काम आठवले. गाडी लेट झाली की आम्ही नुसते "लेट झाली" असे लिहीत नाही. कोणत्या सेक्शनमध्ये किती मिनिटे गेली, सिग्नलमुळे की कॉशन ऑर्डरमुळे, याचा हिशेब मांडतो. तसा हिशेब बाळंतपणाचाही मांडता येतो.

पहिला उशीर घ्या. रात्री दोन वाजता कळा सुरू होतात. सून म्हणते, डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते. सासूबाई म्हणतात, "पहिलटकरणीला असे व्हायचेच." नवरा म्हणतो, "सकाळ होऊ द्या." सासरे उठतच नाहीत. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. पण शेवटच्या महिन्यांत डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर आणि हातांवर सूज, पोटात वरच्या बाजूला कळ, ही रक्तदाब वाढल्याची खूण असू शकते. तसेच अंगावरून रक्त जाणे, पाणी जाऊन तास उलटले तरी कळा नसणे, बाळाची हालचाल मंदावणे, ताप. यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहायची नसते. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव तर सुमारे दोन तासांत जीव घेऊ शकतो. त्या दोन तासांत घरच्यांची बैठक घ्यायला वेळ कुठला?

दुसरा उशीर रस्त्याचा. आमच्या एका गँगमधला ट्रॅकमन लहानशा स्टेशनाजवळ राहत होता. पावसाळ्याच्या रात्री त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. त्याने १०२ ला फोन केला, गाडी निघालीही. पण त्याच्या घरापर्यंत रस्ताच नाही, फक्त रुळाकडेची पायवाट! ड्रायव्हर पत्ता विचारतो आणि हा किलोमीटरचा खांब सांगतो. रेल्वेचा खांब ड्रायव्हरला काय कळणार? शेवटी गेटमनने युक्ती काढली. ड्रायव्हरला त्याने आपल्या फाटकावर बोलावले, डांबरी रस्ता तिथवर येतो. गँगच्या चौघांनी बाईला खाटेवर घालून फाटकापर्यंत आणले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. त्यानंतर आमच्या सेक्शनमध्ये आम्ही एक साधी गोष्ट केली. ज्यांच्या घरात गरोदर बाई आहे त्यांच्यासाठी जवळचे फाटक कोणते, तिथला रस्ता कोणत्या गावातून येतो आणि फोन कोणाला करायचा हे आधीच कागदावर लिहून ठेवले. त्याला एक पैसाही लागला नाही.

शहरात आपल्याला वाटते की हा प्रश्न आपला नाही. आपल्या वस्तीतून सेक्टर ९ च्या रुग्णालयाकडे जायचे तर रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. जोराच्या पावसात कोणत्या अंडरब्रिजमध्ये पाणी साचते, रात्री सुपेल्याच्या सरकारी दवाखान्यात जायचे की दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात, हे कळा सुरू झाल्यावर ठरवायचे नसते. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला पाहुणे कोण बोलवायचे याची यादी आपण करतो. त्याच दिवशी ही दुसरी यादीही करावी.

तिसरा उशीर दवाखान्यातला. तिथे आपल्या हातात फार नसते असे आपण म्हणतो, पण एक गोष्ट असते: रक्त. बाळंतिणीला रक्त लागते तेव्हा तातडीने लागते आणि नातेवाईक त्या वेळी फोन फिरवत बसतात. याबद्दल शेवटी बोलतो.

आता सुईणीविषयी. मराठीत आपण सुईण म्हणतो, छत्तीसगढीत सुइन दाई म्हणतात. शब्दही एकच आणि कामही एकच. आपल्यापैकी साठीच्या पुढचे जे आहेत, ते बहुतेक सुईणीच्याच हातावर जन्मले असतील. हल्ली सुईण म्हटले की अडाणी, घाणेरडी, असे चित्र डोळ्यांपुढे येते. मला ते अन्यायाचे वाटते. पण "जुने ते सोने" म्हणून सगळे बाळंतपण तिच्यावर सोपवावे असेही मला वाटत नाही.

इतिहासातली एक गोष्ट पाहा. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४० च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात शंभरात दहाच्या आसपास बाळंतिणी तापाने मरत, सुईणींच्या विभागात चारच्या आसपास. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने कारण शोधले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणाला येत, सुईणी शवाला हात लावत नसत. १८४७ साली त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. म्हणजे प्रश्न डॉक्टर की सुईण हा नव्हता. प्रश्न हात स्वच्छ आहेत की नाही, हा होता.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. राजनांदगाव ओलांडून पुढे गेले की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी गावातल्या बायकांना शिकवून आरोग्यदूत केले, दाईंना प्रशिक्षण दिले. १९९५-९६ मध्ये त्यांनी ३९ गावांतील ७७२ स्त्रियांचे बाळंतपण आणि त्यानंतरचे दिवस त्यांच्या घरीच पाहून नोंदवले. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५२.६ टक्के स्त्रियांना काही ना काही त्रास झाला. शंभरात १५ जणींना तातडीच्या उपचारांची गरज होती. उरलेल्यांपैकीही अनेकींना डॉक्टरला दाखवायला हवे होते, मग ते तातडीचे नसले तरी. शिवाय कळांच्या वेळेपेक्षा बाळंतपणानंतरच्या दिवसांत त्रास जास्त निघाले. म्हणजे नाळ कापली, पेढे वाटले, की काम संपले असे नाही.

यातून मी साधा अर्थ काढतो. शंभरातल्या बहुतेक जणींना धीर देणारा, स्वच्छ आणि सावध हात पुरतो. पण ज्या पंधरा जणींना रुग्णालय लागणार त्या कोणत्या, हे आधी खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. म्हणून बाळंतपण तिथेच व्हावे जिथे गरज पडली तर पुढची सोय हाताशी आहे.

मग सुईणीचे काय करायचे? तिच्याकडे जे होते ते टाकून देऊ नये. ती बाईजवळ रात्रभर बसे, कंबर चोळून देई, चालायला लावी, "होईल गं बाय" म्हणत धीर देई. हे काम क्षुल्लक नाही. प्रसूतीच्या वेळी ओळखीची बाई सोबत असावी असे आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि सरकारी रुग्णालयांत सोबतिणीला परवानगी द्यावी असे आपल्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरवले. जे टाकायलाच हवे तेही सांगतो: पोट दाबणे, नाळेला राख किंवा शेण लावणे, आणि कळा वाढवण्यासाठी कोणा झोलाछाप डॉक्टरकडून घरीच सुई टोचून घेणे. या शेवटच्या प्रकाराने गर्भाशय फाटू शकते. सुईण हे नाव एक आहे, सुई टोचणे वेगळे आहे!

सरकारनेही या कामाकडे नव्याने पाहिले आहे. २०१८ मध्ये केंद्राने ठरवले की परिचारिकांना दीड वर्षाचे खास प्रशिक्षण देऊन त्यांना प्रसूतीतज्ज्ञ करायचे, म्हणजे सरळ बाळंतपणे त्या करतील आणि अवघड ती डॉक्टरांकडे जातील. हे का हवे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खाजगी रुग्णालयांत ४७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली आणि सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. सिझेरियन हे वरदान आहे, त्याने असंख्य जीव वाचले. पण जवळजवळ निम्म्या बायकांना त्याची गरज असावी हे पटत नाही. एकीकडे जिला हवे तिला मिळत नाही, आणि दुसरीकडे जिला नको तिचे पोट कापले जाते.

छत्तीसगढने या वीस वर्षांत जे केले त्याचे कौतुकही केले पाहिजे. २००२ मध्ये इथे मितानिन योजना सुरू झाली. छत्तीसगढीत मितान म्हणजे विधीपूर्वक जोडलेला जिवाचा मित्र. प्रत्येक पाऱ्यातली एक बाई, पाऱ्याने निवडलेली. पुढे देशभर आशा कार्यकर्त्या आल्या त्या या योजनेनंतर. जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आली. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, गरज पडल्यास सिझेरियनही, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सारे मोफत आहे. १०२ क्रमांकाची महतारी एक्सप्रेस त्याचसाठी आहे. फळ पाहा: २००५-०६ मध्ये छत्तीसगढात शंभरातली फक्त १४ बाळंतपणे दवाखान्यात होत, २०१९-२१ मध्ये ती ८६ च्या घरात गेली. ही किमया मोठ्या यंत्रांची नाही. दारोदार फिरणाऱ्या बायकांची आहे. आपल्या गल्लीत मितानिन येते तेव्हा तिला निदान बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी द्यावे, एवढीच विनंती करतो.

आता थोडे आपल्या घरांत डोकावू या. उत्सवात गौर माहेरवाशीण म्हणून येते तसे आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. रीत चांगली आहे. आईजवळ मुलीला जो विसावा मिळतो तो दुसरीकडे मिळत नाही. पण आपण माहेरापासून तीनशे, पाचशे, हजार किलोमीटरवर राहतो. मुलगी भिलाईत सहा महिने तपासण्या करते आणि आठव्या महिन्यात अकोल्याला किंवा धुळ्याला जाते. फाईल मात्र इथल्या कपाटात राहते! तिथल्या डॉक्टरला तिचा पहिला रक्तदाब किती होता, रक्तगट कोणता, सोनोग्राफीत काय दिसले, काही माहीत नाही. ती नवखी पेशंट होते. आमच्या खात्यात बदली झाली की चार्ज देताना सेक्शनची सगळी कागदपत्रे नव्या माणसाच्या हाती द्यावीच लागतात. मुलीबरोबर लाडवांचा डबा गेला नाही तरी चालेल, फाईल गेली पाहिजे. जायचे ते डॉक्टरांना विचारून आणि लवकर जायचे, शेवटच्या आठवड्यांत नाही. आणि रेल्वेत गरोदर स्त्रियांसाठी लोअर बर्थचा कोटा आहे, तिकीट काढताना तो जरूर मागावा.

दुसरी गोष्ट रक्तक्षयाची. त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले. ही गरिबांचीच गोष्ट आहे असे समजू नका. आपल्या घरातही सगळ्यांचे ताट वाढून झाल्यावर जी शेवटी जेवते, तिचे हिमोग्लोबिन कधी तपासले आहे का? गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात, ७ च्या खाली गेले की तो गंभीर. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात, रोज एक याप्रमाणे गरोदरपणात १८० दिवस आणि नंतरही तितकेच दिवस. गोळीने शौचाला काळे होते म्हणून बायका घाबरतात, काही घरांत "मूल काळे होईल" असेही म्हणतात. दोन्हींत घाबरण्यासारखे काही नाही. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू चालते.

तिसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भात आणि छत्तीसगढात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो, आणि आपण तर याच दोन मुलखांचे. अशा स्त्रीचा रक्तक्षय नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भरून निघत नाही आणि गरोदरपण तिला जड जाते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे, तपासणी साधी आहे. पत्रिका जुळवतो त्याच वेळी हीही जुळवावी. वाहक असणे हा दोष नाही, लपवणे मात्र घातक आहे.

चौथी गोष्ट बाळंतिणीच्या खोलीची. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, पाचवीची पूजा, इकडे छठीला शेजारणींना वाटतात ते काँके पानी, हे सारे आनंदाने करावे. पण दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी ठेवू नये. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि आई-लेकरू दोघांनाही मारू शकतो. बाळंतिणीला पाणी तोडू नये. बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यावे, तो पहिला चीक टाकू नये. आणि बाळाला जन्मल्याबरोबर आंघोळ घालायची घाई करू नये, निदान चोवीस तास थांबावे.

शेवटी एक गोष्ट जरा स्पष्ट बोलतो. आपल्या घरी भांडी घासायला, फरशी पुसायला ज्या बायका येतात, त्यांच्यातल्याही कोणी ना कोणी गरोदर असतात. नववा महिना लागेपर्यंत त्या कामाला येतात, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. पण त्या दिवशी आपण तिला सुट्टी दिली नाही तर त्या सोयीचा तिला उपयोग काय? कुसुमबाईची गोष्ट ऐकून आपल्याला वाईट वाटते. आपल्या स्वयंपाकघरात उभी असलेली बाई तिच्याच जागी आहे.

आमच्या रुळावर कीमन रोज आपली बीट पायी चालतो. एखादी सैल चावी दिसली की हातोडीने ठोकून पुढे जातो. गाडी रुळावरून घसरल्यावर धावणारे पुष्कळ असतात, पण रोज चालणाऱ्यामुळे गाड्या घसरत नाहीत आणि म्हणून त्याचे नाव पेपरात येत नाही. गरोदरपणातली तपासणी ही तशीच रोजची चाल आहे. किमान चार वेळा वजन, रक्तदाब, रक्त, लघवी तपासायची आणि धनुर्वाताची लस घ्यायची. एवढेच.

मंडळापुढे मी चार सूचना ठेवतो आणि कार्यकारिणीने त्या मान्य केल्या तर मला आनंद होईल.

१. मंडळाने रक्तदात्यांची वही ठेवावी: नाव, रक्तगट, फोन आणि शेवटी रक्त दिल्याची तारीख. निगेटिव्ह गटांचे पान वेगळे असावे.

२. रात्री-अपरात्री गाडी काढायला तयार असणाऱ्या दहा जणांची नावे सूचना फलकावर लावावीत. १०२ आणि १०८ हे क्रमांक वर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

३. पुढच्या वर्षीच्या उत्सवात पाककृती स्पर्धेच्या दिवशीच हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणीचे शिबिर घ्यावे. ते आपल्या सभासदांसाठी असावे, आणि आपल्या घरी काम करणाऱ्या बायकांसाठीही.

४. ९ तारखेला गरोदर कामवालीला पगारी सुट्टी द्यायची असे प्रत्येक घराने ठरवावे. याला ठराव लागत नाही.

खाणमजुरांनी वर्गणीतून रुग्णालय बांधले. आपल्याला तेवढे करायचे नाही, रुग्णालये आपल्या आजूबाजूला आहेत. आपल्याला फक्त घरापासून तिथपर्यंतचा वेळ कमी करायचा आहे. पहिल्या सूचनेची वाट न पाहता मी एक कोरी वही आणली आहे. ती मंडपाच्या दाराशी, प्रसादाच्या टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव माझे लिहिले आहे, रक्तगट ओ पॉझिटिव्ह. आरतीनंतर प्रसाद घ्याल तेव्हा आपलेही नाव लिहून जावे. माता-भगिनींनीही लिहावे, रक्तदान ही फक्त पुरुषांची मक्तेदारी नाही.



गणपती बाप्पा मोरया!